आईने तपासलेली जीप

आमच्या घरात वाहनाच्या बाबतीत शेवटचा शब्द आईचा असे, आणि आईला साधी सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. हिंजवडीच्या ऑफिसात मी हे सांगितलं की पोरं हसायची. हसू द्यावं. त्यांच्यापैकी एकानेही माझ्या आईला धावत्या जीपच्या पत्र्यावर उलटा हात टेकवून बसलेलं पाहिलं नव्हतं.

आई सरकारी इस्पितळात परिचारिका होती. निवृत्त झाली तेव्हा वॉर्डची प्रमुख होती, आणि निवृत्तीनंतरही तिने ते पद सोडलं नाही, फक्त वॉर्ड बदलला. विश्रांतवाडीतली आमची अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. कुणाला ताप आला, कुणाचं बाळ रात्रभर रडलं, की सकाळी आधी आमची कडी वाजायची. बाबासुद्धा रागावले की "बरं, सिस्टर" म्हणत, आणि बाबा रागावले आहेत हे आम्हाला तेवढ्यावरूनच कळे.

बाबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. धरणं, कालवे, त्यांचे नकाशे. त्यांच्या हाताचं मला लहानपणापासून फार कौतुक. पट्टी न लावता ते रेघ मारत आणि नंतर मी चोरून पट्टी लावून बघे. रेघ सरळच असायची. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या फलकावरची अक्षरं दर वर्षी त्यांचीच. दुसऱ्या कुणी ब्रश उचलला तर ते काही बोलत नसत, नुसते शेजारी उभे राहत. समोरचा आपोआप ब्रश खाली ठेवायचा.

जीप खात्याचीच होती. तिच्यात बसून बाबा वर्षानुवर्षं धरणांच्या कामावर हिंडले, पण ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. स्टीअरिंगला हात लावायची मुभा नव्हती. पुढे खात्याने ती लिलावात काढली, तेव्हा बाबांनी ती घेतली आणि डोक्यावरचे केस पांढरे झालेल्या वयात शिकाऊ लायसन्स काढलं. तो काळ असा की पुण्यात दर महिन्याला नवी चकचकीत गाडी रस्त्यावर दिसायची आणि माझ्याबरोबरची पोरं पहिल्या पगारातच कर्जाची चौकशी करायची. मीही बाबांना एक लहानशी, हलक्या स्टीअरिंगची गाडी घेऊन द्यायला निघाले होते. ते म्हणाले, "घे की. तुला कुणी अडवलंय? माझी आहे माझ्याकडे."

बाबांचा एक जुना राग इथे सांगायला हवा, कारण पुढे तो कामाला येतो. जमिनीची उंची मोजताना सर्व्हेवाले एखाद्या पक्क्या दगडावर बाण कोरून ठेवतात आणि पुढची सगळी मापं त्या खुणेवरून घेतात. गावात कुणाला तरी तो बाण दिसायचा. दगडावर काहीतरी कोरलंय म्हणजे देवच, असं समजून लोक त्याला शेंदूर फासायचे. पुढच्या वर्षी बाबा तिथे जात तेव्हा शेंदराच्या थराखाली बाण गडप झालेला असे, आणि ते चाकूने दगड खरवडत बसत. "अरे, खूण आहे ती! खुणेला रंग फासतात का?" हे वाक्य आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की बाबांनी सुरुवात केली की आई आमटी वाढता वाढता म्हणायची, "आला शेंदूर."

जयंतीच्या मिरवणुकीत पुढची गाडी आमची जीप असायची. निळे झेंडे, फुलांच्या माळा, मध्ये तसबीर. त्याच्या आधी पंधरवडाभर बाबा तिच्यामागे असत. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्यांनी तिला बाहेरून रंग दिलाच, शिवाय डब्यात चंदेरी रंग उरला म्हणून जीपखाली चटई टाकून खालची बाजूही रंगवली. खालून कोण बघणार, असं मी विचारलं. "मी बघितलंय ना," ते म्हणाले.

मिरवणूक छान झाली. ती पायी चालणाऱ्यांच्या वेगाने जाते, त्यामुळे तेव्हा कुणाला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर बाबांनी जीप नेहमीप्रमाणे धानोरीच्या मिस्त्रींकडे टाकली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा गाडीखाली असतो, मिस्त्री त्याला शाफ्ट म्हणत. त्याच्या टोकाला क्रॉस नावाचा, अधिकच्या चिन्हासारखा सांधा असतो. तो झिजला होता. मिस्त्रींनी नाना पेठेतून नवा आणून बसवला आणि गाडी परत केली.

बुद्धपौर्णिमेला आम्ही तिघं देहूरोडच्या विहारात गेलो. जाताना बाबा गप्प होते. येताना तर मोकळा रस्ता असून बैलगाडीच्या चालीने गाडी चालवत होते. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. मी मागच्या बाकावर होते आणि माझी बडबड चालू होती. घरी आल्यावर बाबांनी किल्ली खिळ्याला लावली, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. तसे ते कधी उभे राहत नसत.

पुढचे काही आठवडे जीप सारखी धानोरीला. मिस्त्री हे मूळचे तिथलेच शेतकरी. शेताच्या कडेला गॅरेज होतं आणि शेत एकेक तुकड्याने इमारतींखाली जात होतं. माणूस चांगला, पण गिऱ्हाइकांच्या घाईने त्यांनाही घाईची सवय लागली होती. बाबा म्हणाले, पन्नासच्या पुढे हादरते. मिस्त्रींनी चाकं बॅलन्स केली, टायर मागचे पुढे केले, इंजिनाखालची रबरं बदलली, सगळं एका दमात. मग गॅरेजपासून चौकापर्यंत चक्कर मारली. त्या रस्त्यावर पन्नास गाठायला विमान लागलं असतं. "आता मस्त हाय, सायेब," ते म्हणाले. बाबांनी आळंदी रस्त्याला नेऊन बघितली. हादरा तसाच होता. तिसऱ्या खेपेला मिस्त्री जरा अवघडून म्हणाले, "सायेब, जुनी गाडी हाय, थोडं हालणारच. अन् आता आपलं पण वय झालं."

ते बिचारे सहज बोलले. पण बाबांचे थोरले भाऊ, आमचे काका, कंपवाताने गेले होते. शेवटी शेवटी त्यांना कप तोंडापर्यंत नेता येत नसे. बाबा रोज संध्याकाळी येरवड्याला जाऊन त्यांना चहा पाजत. घोट घोट, हनुवटीखाली रुमाल धरून. काकांचंही हातापासूनच सुरू झालं होतं.

बाबांनी जीप चालवणं बंद केलं. कारण विचारलं की म्हणत, "पेट्रोल काय स्वस्त झालंय का?" मला ते पटलं. मला पटण्यासारखंच ते बोलत. आईला मात्र पटलं नाही, कारण तिला वेगळीच गोष्ट दिसली होती. बाबांनी चहा अर्धा कप मागायला सुरुवात केली होती.

"अर्धाच दे," ते म्हणत. पित्त होतं, असं कारण सांगत. भरलेला कप हिंदकळतो, अर्धा हिंदकळत नाही, हे ज्या बाईने आयुष्यभर रोग्यांच्या हातात कप दिले तिला सांगायला नको होतं. एका सकाळी ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. "अहो, हात पुढे करा." बाबांनी नाइलाजाने केले. तिने बोटं पसरायला लावली, तळवे उलटेसुलटे करून पाहिले, मनगट धरून कोपर हलवून पाहिलं. मी ऑफिसच्या बससाठी बूट घालत होते, तशीच थांबले.

"तुमच्या हातांना काही झालेलं नाही," आई म्हणाली. "जीपला झालंय."

"मिस्त्रीने सगळं बदललं."

"सगळं बदललं म्हणूनच काही कळलं नाही. चार औषधं एकदम बदलली तर गुण कशाने आला आणि अपाय कशाने झाला, ते डॉक्टरला तरी कळतं का? येत्या रविवारी मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"तपासणार."

बाबा म्हणाले, "बरं, सिस्टर." पण या खेपेला त्यात राग नव्हता. एखाद्याने हात धरून खुर्चीवर बसवावं आणि आपण बसावं, तसे ते बोलले.

रविवारी सकाळी पावसाची उघडीप होती. आई वॉर्डात जाताना घालायची ते कापडी बूट घालून धानोरीला आली. मिस्त्री चहा पीत होते. आईने त्यांची उलटतपासणी सुरू केली. कधीपासून? त्याच्या आधी काय केलं होतं? कमी वेगात होतं का? चढावर वाढतं का? मिस्त्री आधी म्हणाले, "सिस्टर, गाडी हाय, पेशंट न्हाय." पण दोनतीन प्रश्नांनंतर त्यांनी कप खाली ठेवला आणि स्वतःच आठवून सांगायला लागले. प्रश्न धड विचारला की माणसाला उत्तर द्यावंसं वाटतं. हिंजवडीत संगणकाच्या प्रोग्रॅममधली चूक शोधताना आम्ही हेच काम गार खोलीत बसून करायचो आणि त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव होतं. आईएवढं छान ते तिथे कुणालाच जमत नव्हतं, मला धरून.

गाडी मिस्त्रींनी चालवायची असं आईने ठरवलं. बाबा शेजारी, आम्ही दोघी मागे. दिघीच्या पुढे लष्कराच्या जागेपाशी रस्ता रिकामा होता. मिस्त्रींनी वेग वाढवला, आणि पन्नासच्या पुढे काटा गेला तसे ते ओरडले, "हाय, सायेब! हाय की हो!"

मी इतकी खूश झाले की बाबांच्या पाठीवर थापच मारली. म्हटलं, झालं, सुटलो. आईने मला गप्प केलं. "गाडीला आहे म्हणजे माणसाला नाही, असं होत नाही. दोघांनाही असू शकतं. गाडीचं पूर्ण जाऊ दे, मग बोलू."

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मला ते बोलणं निष्ठुर वाटलं. आज वाटतं, त्यांना खोटा दिलासा नकोच होता, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मग तिने मिस्त्रींना विचारलं, चालत्या गाडीत इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तोडता येतो का? येतो की, न्यूट्रल. मिस्त्रींनी वेग घेतला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिन शांत झालं आणि हादरा तसाच राहिला. म्हणजे इंजिन निर्दोष. "ती रबरं उगाच बदलली," मिस्त्री पुटपुटले. आई म्हणाली, "असू द्या, आता एक शंका गेली ना." मग त्याच वेगाने एकदा तिसऱ्या गिअरमध्ये, एकदा चौथ्यात. हादऱ्यात फरक नाही. म्हणजे तो गाडीच्या वेगाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी होता.

आणि मग आई बाकावरून उतरून खाली पत्र्यावरच बसली. साडी आवरून, एक हात माझ्या गुडघ्याला धरून. दुसरा हात तिने पत्र्याला लावला, तोही उलटा. ताप बघताना ती तसाच लावायची. तळवा राबून राबून राठ होतो, म्हणायची, हाताच्या पाठीला खरं कळतं. पुढच्या सीटच्या मागे हात टेकवला, थांबली. थोडी मागे सरकली, परत टेकवला. मागच्या चाकांच्या मधोमध येऊन तिने डोळे मिटले. गाडी पळत होती, तिचा अंबाडा सुटत आला होता. जीपच्या पत्र्यावर फतकल मारून बसलेल्या माझ्या आईकडे मी बघत राहिले आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

"इथे," ती म्हणाली. "दुखणं इथे आहे. पुढे नुसतं पोचतंय."

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली. आता त्यांनाही चेव आला होता. "सिस्टर, एक करू. मागचा शाफ्ट काढून टाकू. ही फोर व्हील हाय, पुढच्या चाकांवर एकटी पळंल. तवा हादरा गेला, तर चोर घावला." ही युक्ती आईला सुचणं शक्यच नव्हतं. ती लहान मुलीसारखी खुलली. "म्हणजे एक अवयव बाजूला ठेवून बघायचं! करा."

आम्ही गॅरेजला परत आलो, मिस्त्रींनी शाफ्ट काढला, पोत्यावर ठेवला आणि नुसत्या पुढच्या चाकांच्या जोरावर जीप पुन्हा दिघीच्या रस्त्याला नेली. पन्नास झाले, त्याच्याही पुढे गेलो. जीप नेहमीसारखी घरघरली, दार नेहमीसारखं खडखडलं, पण तो हादरा नव्हता. बाबांनी समोरच्या दांडीला धरलेला हात सोडला.

परत आल्यावर सगळे पोत्याभोवती वाकले. शाफ्ट चंदेरी, तकतकीत. गाडीखाली असूनही एवढा देखणा दिसत होता की मिस्त्रींनी त्याच्यावरून हात फिरवला. मग त्यांचा हात मधल्या जोडापाशी थांबला. हा दांडा दोन भागांचा असतो, एक दुसऱ्यात सरकणारा. तो वेगळा केला तर परत बसवताना दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर यायला लागतात, नाहीतर दोन टोकांचे सांधे एका ओळीत राहत नाहीत आणि वेग घेतला की दांडा थडथडतो.

"क्रॉस बदलताना म्या ह्यो काढलेला," मिस्त्री म्हणाले. "बाण शोधले, दिसलेच न्हाईत. म्हटलं, झिजले असतील. अंदाजानं बसवला." त्यांनी काचपेपर घेऊन चंदेरी रंग घासायला सुरुवात केली. एका भागावर बाण निघाला. दुसऱ्या भागावर कितीतरी बाजूला दुसरा बाण निघाला.

बाबा बघत होते. आधी त्यांच्या कपाळावर आठी चढली, मग ती तशीच राहिली आणि खालचा चेहरा हसायला लागला.

आई शांतपणे म्हणाली, "आला शेंदूर."

बाबा इतके हसले की त्यांना पोत्यावर बसावं लागलं. उभा जन्म ज्यांनी खेडोपाडी लोकांना खुणेला रंग फासू नका म्हणून फैलावर घेतलं, त्यांनी स्वतः चटईवर झोपून, मायेने, ब्रशाचा एक फटकारा इकडेतिकडे न होऊ देता, आपल्याच गाडीच्या खुणा बुजवल्या होत्या. मिस्त्रींना काय झालं ते कळेना. मी त्यांना दगडांची गोष्ट सांगितली, तेव्हा तेही हसले. "मंग सायेब, अर्धी चूक तुमची, अर्धी माझी."

बाण समोरासमोर आणून मिस्त्रींनी शाफ्ट चढवला आणि हात पुसत किल्ली बाबांपुढे धरली. बाबांनी ती लगेच घेतली नाही. हसू मावळलं होतं. गाडीचं तर गेलं होतं, आता प्रश्न उरला होता तो एकच आणि तो त्यांच्या मनगटांचा होता. आई पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

बाबांनी गाडी काढली. दिघीचा रस्ता आला तसा वेग वाढायला लागला. मी मागून त्यांचे हात बघत होते, आई सरळ समोर बघत होती. पन्नास. काही नाही. त्याच्या पुढे काही नाही. बाबांनी एक हात उचलून खिडकीच्या कडेवर ठेवला आणि एका हाताने चालवायला लागले. एरवी आई त्यावरून ओरडली असती. ती ओरडली नाही.

"तुला कसं गं कळलं, दोष हातांचा नाही म्हणून?" त्यांनी विचारलं.

"इस्पितळात काय फुकट नोकरी केली?" आई म्हणाली.

घरी आलो. आई चहा टाकायला आत गेली. पाठोपाठ मी गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती आणि पदर तोंडाशी धरला होता. मी घाबरले. तिने मान हलवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मला कुठे गं खात्री होती? त्या दिवशी हात धरले तेव्हा बोटांना कंप होता त्यांच्या. भीतीचा होता की दुसरा, मला ओळखता येईना. इतकी माणसं तपासली, पण घरचा हात हातात घेतला आणि काही कळेना."

"मग तू त्यांना काही झालेलं नाही म्हणून का सांगितलंस?"

"मग काय सांगणार होते? आधी सांगून टाकलं. मग ते खरं करायला जीपमागे लागले."

तेवढ्या ठाम आवाजात ती बोलली होती, आणि तिच्याजवळ त्या वेळी कसलाही आधार नव्हता. पत्र्यावर डोळे मिटून बसली होती ती त्या एका वाक्यासाठी.

तिने डोळे पुसले, चहा गाळला आणि सवयीने अर्धा कप भरून मला बाहेर न्यायला दिला. बाबा पायरीवर बसून जीपकडे बघत होते. त्यांनी कपात डोकावून पाहिलं.

"अर्धा का?"

मी तशीच आत आले. आई दारातच उभी होती, तिने ऐकलं होतं. माझ्या हातातून कप घेऊन तिने तो काठोकाठ भरला आणि स्वतः घेऊन गेली. बाबांनी कप एका हाताने उचलला. आम्ही दोघी कपाकडेच बघत होतो. एक थेंबही बशीत पडला नाही. त्यांनी एक मोठा घोट घेतला.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

आईने साखरेचा अख्खा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला.